चौथ्या हुकावरचा साक्षीदार

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा मावशीने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की मुलगी हिऱ्याच्या कामात आहे. ते तसं खोटं नव्हतं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच हिऱ्याने पोलाद टोचत बसायची. हिरा कंपनीचा, तांदळाच्या कणीएवढा, आणि संध्याकाळी कपाटात कुलूपबंद. बघायला आलेल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, की मग मुलीला घरी काही आणता येतं का. मी म्हटलं, येतं ना, चष्म्याचा नंबर येतो. ते स्थळ तिथेच फिसकटलं.

तेहतीस वर्षं मी हे काम केलं. आमच्या कारखान्याचा धंदा होता लेप देण्याचा. ड्रिल, कटर, साचे, गोळ्या दाबायचे पंच असं काय काय लोक घेऊन यायचे आणि आम्ही त्यावर असा कडक थर चढवून द्यायचो की ते तिप्पट-चौपट टिकावं. थर किती जाड, तर डोक्यावरच्या केसाचे उभे वीस पापुद्रे केले तर त्यातला एक. रंग नव्हे, मुलामाही नव्हे. कपाटाएवढ्या पोलादी भट्टीतली हवा पंपाने पूर्ण काढून घ्यायची, आत धातूच्या जाड चकतीवर विजेची ठिणगी नाचवायची, म्हणजे धातूची वाफ सुटते. मग आत बेताने नायट्रोजन सोडायचा. वाफ आणि नायट्रोजन मिळून हत्यारावर जे बसतं ते सिरॅमिक. सिरॅमिक म्हटलं की लोकांना लोणच्याची बरणी आठवते, पण हे बरणीचंच चुलत भावंड, फक्त फुटत नाही आणि पोलादाला धरून राहतं. भट्टीच्या जाड काचेतून बघितलं की आत जांभळा उजेड दिसायचा. तो मी हजारो वेळा पाहिला आणि एकदाही कंटाळले नाही.

माझी खोली टेस्टिंगची. लेप किती कडक झाला हे बघायचं म्हणजे हिऱ्याचं टोक त्यावर ठराविक वजनाने टेकवायचं आणि उठलेला ठसा सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. ठसा लहान, तर लेप कडक. ऐकायला सोपं वाटतं. पण वजन जरा जास्त झालं की हिरा थरातून खालच्या पोलादापर्यंत दाबतो, आणि तुम्ही चादर मोजायला जाऊन गादी मोजून येता. वजन कमी ठेवलं तर ठसा इतका बारीक की डोळ्यांची वाट लागते. या दोन्हींच्या मधला रस्ता माझ्या डोळ्यांना आणि हाताला सापडला होता, आणि त्याचा मला माज होता हे आज कबूल करायला हरकत नाही.

आता साक्षीदाराचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यापाशीच येऊन थांबणार आहे. गिऱ्हाइकाच्या हत्याराला हिऱ्याने टोचता येत नाही, ते खराब होतं. म्हणून प्रत्येक खेपेला त्याच्यासोबत पोलादाचा रुपयाएवढा एक चकचकीत तुकडा भट्टीत टांगायचा. हत्यारांवर बसतो तोच लेप त्याच्यावर बसतो, आणि नंतर त्याला टोचून आपण म्हणायचं की माल असा असा झालाय. आत काय घडलं त्याची साक्ष तो देतो, म्हणून त्याला साक्षीदार म्हणायचे. सगळ्या लेपवाल्यांकडे हीच पद्धत असते.

तो टांगायचं काम तावडेचं. भालचंद्र तावडे भट्टीवर होता, माझ्या आधी दोन वर्षं लागलेला, मालवणकडचा, राहायला बोरिवलीला. हत्यारं धुवायची, पुसायची, फिरत्या दांड्यावरच्या हुकांना अडकवायची आणि भट्टी चालवायची, हे सगळं तो एकटा बघायचा. त्या दांड्याला आम्ही झाड म्हणायचो. प्रत्येक झाडाला वरपासून खालपर्यंत सात हूक. झाड गोल फिरत राहायचं, म्हणजे लेप सगळीकडून बसावा.

सुरुवातीच्या वर्षांत तावडे साक्षीदार वाटेल तिथे टांगायचा. खालच्या हुकावरचा तुकडा आला की त्याच्यावर धातूचे बारीक दाणे बसलेले असायचे, ठशाच्या कडा धड दिसायच्या नाहीत, आणि माझा अर्धा दिवस त्यात जायचा. एक दिवस मी वैतागून त्याला म्हटलं, की तू हा चौथ्या हुकावरच टांगत जा, तिथला आरशासारखा येतो. त्याने खांदे उडवले. “तुका होया थंय टांगतंय,” म्हणाला. पुढे साहेबांनी ते टाइप करून भिंतीवरच लावलं, साक्षीदार हूक क्रमांक चार. माझ्या डोळ्यांच्या सोयीसाठी केलेली गोष्ट कारखान्याचा नियम होऊन बसली.

आमच्याकडे गिऱ्हाइकं एकेक नग यायची. जुहू चौपाटीवरचा एक गोळेवाला बर्फ किसायच्या रंध्याचं पातं घेऊन आला. त्याला सोनेरी लेप दिला, पातं झकास झालं, आणि आठवड्याने तो तक्रार घेऊन हजर. बर्फ इतका बारीक किसला जायला लागला की सरबत ओतण्याआधीच गोळा वितळायचा. लेप काढून द्या म्हणाला. कडक म्हणजे चांगलं, एवढंच धरून बसलेल्या आम्हाला त्या माणसाने एका वाक्यात शहाणं केलं.

दुसरा घाटकोपरचा एक सलूनवाला. त्याला कात्री सोन्यासारखी हवी होती. मुलीच्या लग्नासाठी त्याने दुकान नवं केलं होतं आणि त्याची कात्री आली त्या दिवशी नेमका तावडेचा हातमोजा फाटलेला. धुतलेली कात्री त्याने एकदाच उघड्या हाताने उचलली. लेप चढवून बाहेर आली तेव्हा पात्यावर तावडेचा अंगठा उमटलेला, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. आमच्या धंद्यात हाताचा घाम म्हणजे शत्रू. घामाचा थेंब राहिला की त्याच्यावर लेप धरत नाही, आज ना उद्या सुटतो. त्यातून तावडेच्या तळहातांना जन्मजात घाम यायचा. सलूनवाला मात्र खूश. म्हणाला, असू द्या, कंपनीचा शिक्का आहे. आम्ही आठवडाभर हसलो. तावडेला येताजाता अंगठा दाखवायचो. तोही हसायचा, पण त्या दिवसापासून तो खिशात हातमोज्यांचे दोन जोड ठेवायला लागला.

ते दिवस बरे होते. दुपारी जेवायला आम्ही चौघं-पाच जण पंपाशेजारच्या बाकावर बसायचो, कारण तिथे गरम असायचं आणि डबे गरम राहायचे. पंपाच्या आवाजात बोलायची इतकी सवय झाली की घरीही मी ओरडूनच बोलायची. भट्टी उघडली की गरम लोखंडाचा एक वास यायचा, आणि तावडे साक्षीदार चिमट्यात धरून माझ्या खिडकीतून आत सरकवायचा. “घे गो सुनंदा, तुझो साक्षीदार. खरां बोलता काय बघ.” हे त्याचं रोजचं वाक्य. माझ्यामागे कारखाना तिथून हलला, आता त्या शेडला काचा लावून ऑफिसं केलीत, खाली कॉफीचं दुकान. मागच्या महिन्यात मी मुद्दाम आत जाऊन कॉफी घेतली. भट्टी नेमकी कुठे होती ते मला सांगता येईना, याचं मला फार वाईट वाटलं.

आमचे मालक कामतसाहेब एकदा प्रदर्शनाहून पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन आले आणि मला म्हणाले, “परबबाई, आता एका धातूचे दिवस गेले. आता पाच.” तोवर आमचा लेप एका, फार तर दोन धातूंचा असायचा. नवीन लेपात टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम, झिरकोनियम आणि नायोबियम, पाचही जवळजवळ सारख्या वाट्याने. त्याचं इंग्रजी नाव हाय एन्ट्रॉपी सिरॅमिक. तावडेने त्याला पंचमेळ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

पाच धातू कशाला, तर एकाच मापाची भांडी एकात एक सहज सरकतात, पण वेगवेगळ्या मापाची एकत्र रचली की अडकून बसतात, हलवायला जोर लागतो. धातूचे अणूही वेगवेगळ्या मापाचे. पाच जातींचे एकत्र दाटले की रचना वाकडीतिकडी होते आणि थर एकमेकांवर घसरत नाहीत. म्हणून तो कडक. साहेबांनी मला हे असं सांगितलं नव्हतं, कागदावर गोल काढून सांगितलं होतं. भांडी माझी.

भट्टी मात्र जुनीच. पाचही धातू एकत्र केलेली चकती फार महाग, म्हणून साहेबांनी भट्टीच्या भिंतीवर पाच धातूंच्या पाच चकत्या एकीखाली एक बसवल्या. झाड फिरेल, वाफा मिसळतील, असा हिशेब. आणि मग सुरू झाली आमची कसोटी. पहिला लेप मऊ आला. हत्यारांवरचा विजेचा दाब वाढवला, म्हणजे वाफ जोरात आपटते आणि थर घट्ट होतो. कडकपणा वाढला, पण थर इतका ताणला गेला की तव्यावरच्या पापडासारखा उचलून आला. दाब कमी केला, नायट्रोजन वाढवला, खाली क्रोमियमचा एक पातळ अस्तर-थर दिला. सात-आठ महिने हे चाललं. तावडे खेप काढायचा, मी टोचायची, आकडा सांगायची, तो मान हलवून परत जायचा. एका शनिवारी चौथ्या हुकावरच्या साक्षीदारावर ठसा इतका बारीक आला की मी तीनदा मोजला. आमच्या जुन्या सोनेरी लेपाच्या जवळजवळ दीडपट कडक. मी खोलीबाहेर येऊन तावडेला आकडा सांगितला. त्याने हातमोजे काढले, तळहात पँटला पुसले आणि माझ्याशी हात मिळवला. तेहतीस वर्षांत आम्ही तेवढा एकदाच हात मिळवला.

पंचमेळचं पहिलं मोठं गिऱ्हाईक मुलुंडचे छेडाभाई. त्यांचा कारखाना इलास्टिक आणि नाड्या विणायचा. मशीनवर दोरा ज्यातून सरकतो ती पोलादी कडी असते, तिला गाइड म्हणतात. छेडाभाईंनी बिस्किटाच्या डब्यातून झिजलेली गाइडं आणली होती. प्रत्येकीत दोऱ्याने खाच पाडलेली, करवतीने पाडावी तशी. लोकांना खरं वाटत नाही, पण दोरा पोलाद कापतो. माझे वडील गिरणीत होते, त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. दोरा मऊ असतो ही शहरातल्या लोकांची समजूत आहे, असं ते म्हणायचे. त्यातून पांढऱ्या, चमक मारलेल्या दोऱ्यात खडूसारखी बारीक पूड घातलेली असते, ती तर काचकागदासारखी घासते.

आधी आम्ही त्यांना मूठभर गाइडं करून दिली. ती चौथ्या-पाचव्या हुकावर मावली. महिनोन् महिने खाच नाही. छेडाभाई पेढे घेऊन आले आणि कारखान्यातली सगळी गाइडं लेप द्यायला टाकून गेले. तेव्हा आम्ही झाडं वरपासून खालपर्यंत भरली. साक्षीदार नेहमीसारखा चौथ्या हुकावर. माझं रीडिंग उत्तम.

दीड महिन्यात छेडाभाई परत आले, या वेळी पेढ्यांशिवाय. गाइडं झिजली होती आणि पांढऱ्या इलास्टिकवर काळ्या रेघा उठत होत्या. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाने सगळा माल परत केला होता. “अर्धी गाइडं दगडासारखी, अर्धी साबणासारखी,” छेडाभाई म्हणाले, आणि डबा टेबलावर ठेवून गेले.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आमच्या धंद्यात एक समज पक्का आहे. लेप कडक आहे आणि तरी टिकला नाही, तर दोष धुलाईचा. कुठेतरी तेल राहिलं, घाम राहिला, लेप सुटला. तावडे म्हणाला, धुलाईत काही चूक नाही, हातमोजे होते. साहेबांना सलूनवाल्याची कात्री आठवली. इतक्या वर्षांची मस्करी त्या केबिनमध्ये पुरावा होऊन आली. मग साहेब माझ्याकडे वळले.

“परबबाई, तुमचं रीडिंग?”

“उत्तम आहे, साहेब.”

एवढंच बोलले मी. खोटं नव्हतं ते. पण रीडिंग एका तुकड्याचं आहे, एका हुकावरच्या, एवढं पुढे जोडायला मला काय झालं होतं. डबा समोर होता. त्यातलं एक गाइड उचलून खोलीत नेलं असतं तरी पुरलं असतं. मी नेलं नाही. कारण माझा आकडा बरोबर होता, आणि तो बरोबर आहे हे साहेबांसमोर ऐकायला मला बरं वाटत होतं. तावडेने एकदा माझ्याकडे बघितलं. मी माझ्या रिपोर्टकडे बघत होते.

तावडेला कुणी काढलं नाही. साहेबांनी त्याला पॅकिंगला बसवलं. जो माणूस तीसएक वर्षं भट्टी चालवत होता तो खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागला. अकरा दिवस त्याने ते केलं आणि राजीनामा दिला. निवृत्तीला पाच वर्षं होती. शेवटच्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला, म्हणाला, “येतंय गो. माझ्या हातांचा काय तरी करूक होया होता आधीच.” मी काहीबाही बोलले. जेवणाच्या बाकावर त्याची जागा महिनाभर कुणी घेतली नाही.

त्यानंतर साधारण दीड वर्षाने एका खेपेत मोठे पंच आले. चौथा हूक अडला, म्हणून भट्टीवरच्या नव्या माणसाने साक्षीदार सातव्या, सगळ्यात खालच्या हुकावर टांगला. मला ते माहीत नव्हतं. मी टोचलं आणि ठसा एवढा मोठा दिसला की मला वाटलं मशीन बिघडलं. कडकपणा नेहमीच्या जेमतेम अर्धा. प्रमाणित तुकड्यावर मशीन तपासलं, ते ठीक. मग विचारलं, हा कुठे टांगला होतास. तो म्हणाला, खाली, जागा नव्हती ना मॅडम.

मी खुर्चीवर बसले. पाच चकत्या, एकीखाली एक. वरच्या हुकांना टायटॅनियम जास्त, खालच्यांना अ‍ॅल्युमिनियम जास्त. पाचांचा मेळ बसत होता तो फक्त मधल्या दोन-तीन हुकांवर. बाकी ठिकाणी पंचमेळ नव्हताच, नुसती भेसळ होती. एका धातूचा लेप होता तोवर हूक कुठलाही असला तरी फारसा फरक पडत नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि आमचा साक्षीदार वर्षानुवर्षं उभा होता सगळ्यात चांगल्या जागी. त्याला तिथे उभं करणारी मी.

छेडाभाईंचा डबा साहेबांनी नंतर माझ्या खोलीत पाठवून दिला होता, तो माझ्या टेबलाखाली अजून तसाच होता. त्या दुपारी मी एकेक गाइड घेऊन बसले. धुलाई वाईट असेल तर हिऱ्याने दाबल्यावर ठशाभोवती लेपाच्या कपच्या उडतात. एकाही गाइडची कपची उडाली नाही. लेप पोलादाला घट्ट धरून होता. तो सुटला नव्हता, झिजला होता. सुटणं आणि झिजणं यातला फरक ओळखायचा, एवढ्याचसाठी मला पगार मिळत होता. आणि छेडाभाईंनी तर अर्धी-अर्धी म्हणून सांगितलं होतं. धुलाई बिघडली की टोपलीच्या टोपली बिघडते, अर्धी नाही.

मी तेव्हाच साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं आणि दोन दिवसांत कामाला लागले. चकत्यांच्या जागा बदलून त्या दोन भिंतींवर आलटूनपालटून बसवल्या, झाडं जास्त वेगाने फिरवली, वरचा आणि खालचा हूक रिकामा ठेवला, आणि साक्षीदार एकाऐवजी तीन टांगायला सुरुवात केली, वर, मध्ये, खाली. तीनही आकडे जवळ जवळ यायला चार महिने लागले. आले तेव्हा पंचमेळ खरा पंचमेळ झाला. छेडाभाईंना सगळी गाइडं नव्याने करून दिली, आणि ती टिकली. कारखान्याचं नाव झालं. तावडेचा विषय मी काढला तेव्हा साहेब म्हणाले, “आता जुनं उकरून त्याला काय मिळणार, परबबाई.” मला ते ऐकून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

निरोप समारंभात माझ्या अचूकपणाबद्दल भाषणं झाली. शाल दिली. मी मान खाली घालून बसले होते, सगळ्यांना वाटलं गहिवरलेय. तावडेचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. कितीदा काढला आणि परत ठेवला त्याला गणती नाही. निवृत्तीनंतरही दीड वर्ष असंच गेलं.

यंदा मे महिन्यात एका लग्नात मला आमच्या कारखान्यातला जुना पॅकिंगवाला भेटला. त्याने सहज सांगितलं, की मुलुंडच्या एका लेपवाल्याने पंचमेळसाठी तावडेला दोनदा बोलावलं होतं, चांगल्या पगारावर, पण तो गेला नाही. माझ्या हातांना घाम येतो, तुमचा माल खराब होईल, असं सांगून त्याने परत पाठवलं. मी त्या लग्नात जेवले नाही.

घरी येऊन मी रिपोर्ट लिहिला. जुन्या कंपनीचा कागद माझ्याकडे नव्हता, साध्या पांढऱ्या कागदावर लिहिला, पण आमच्या नमुन्यात, रकाने आखून. छेडाभाईंच्या गाइडांची ती खेप. साक्षीदार फक्त हूक क्रमांक चारवर, वर-खालच्या हुकांची चाचणी झालेली नाही. परत आलेल्या गाइडांवर लेप कुठेही सुटलेला नाही. धुलाई निर्दोष. दोष साक्षीदाराच्या जागेत, जागा चाचणी करणाऱ्याने ठरवलेली. खाली सही, सुनंदा परब. तारीख मात्र घातली नाही. माझ्या मनात होतं की त्याने म्हटलं तर त्या वेळचीच घालावी. जन्मात एकही खोटी तारीख घातली नव्हती, पण याच्यासाठी घातली असती.

बोरिवलीला त्याच्याकडे गेले तेव्हा तो खाली इमारतीच्या पंपाच्या खोलीत होता. सोसायटीचं पाणी चढवायचं काम त्याने अंगावर घेतलंय. पंपाच्या आवाजात मी जुन्या सवयीने ओरडूनच हाक मारली. वर घरी गेलो, वहिनींनी चहा दिला. त्याच्या मांडीवर एक पंचा होता. कपाला हात लावण्याआधी त्याने दोन्ही तळहात त्या पंच्याला पुसले. ठेवताना परत पुसले. पूर्वी तो असं करायचा नाही. वहिनी म्हणाल्या, आता नातवाला उचलायच्या आधीसुद्धा पुसतात.

मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं, हुकापासून. कागद त्याने हातात घेतला नाही, टेबलावर ठेवूनच वाचला, चष्मा लावून, बोट न टेकवता. दोनदा वाचला.

“म्हणजे लेप सुटलोच नव्हतो,” तो म्हणाला.

“नव्हता.”

“आणि ह्यां तुका कधी कळला?”

खोटं सांगणं सोपं होतं. मी सांगितलं, अडीच वर्षं झाली. वहिनी आत निघून गेल्या. तावडे खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

“चार वर्षां माका वाटला, माझे हातच वायट.”

मी माफी मागितली. शब्द काय होते ते आठवत नाही. त्याने माफ केलं म्हटलं नाही, नाही केलं असंही म्हटलं नाही. कागदावर मात्र त्याची नजर परत गेली, आणि भट्टीवर असताना माझा रिपोर्ट वाचायचा तशी ती एकेका रकान्यावरून खाली आली.

“तारीख खंय आसा?”

मी म्हटलं, “तू सांगशील ती घालते. तेव्हाची घालायची तर तेव्हाची.”

“नाय. आजची घाल.” मग तो माझ्याशी शहरातल्या मराठीत बोलला, साहेबांशी बोलायचा तसं. “किती उशीर झाला ते पण दिसायला हवं ना.”

मी पर्समधून पेन काढलं आणि कागद दाबून धरून आजची तारीख घातली. कागद उचलला तेव्हा खाली सहीच्या बाजूला शाई फिसकटलेली, आणि त्यात माझा अंगठा उमटलेला, घामाने, रेघ न् रेघ.

तावडेने वाकून तो बघितला.

“हातमोजे घालून येवचा ना गो,” तो म्हणाला, आणि पंचा मांडीवरून उचलून माझ्याकडे सरकवला.